राज्य कर्जबाजारी, घराणी गब्बर : जिनोआ नावाचं अजब प्रजासत्ताक

तांडेल

इटलीतली दर्यावर्दी प्रजासत्ताकं म्हटलं की सगळे थेट व्हेनिसला जाऊन गोंडोल्यात बसतात. फार तर पिसा, ते पण कलत्या मनोऱ्यामुळे. जिनोआचं नाव निघतं कोलंबसपुरतं, आणि तो तर गाव सोडून गेलेला. मला मात्र या सगळ्यांत जिनोआच जास्त भारी वाटतं, कारण राज्य म्हणून हे गाव जवळजवळ कायम गंडलेलंच होतं आणि तरी चार-पाचशे वर्षं भूमध्य समुद्रात यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. धागा लांबलाय, चहा घेऊन बसा.

जागा कशी आहे बघा. पाठीला डोंगर चिकटलेला, पुढे लगेच खोल पाणी, मध्ये शेतीला म्हणावी अशी जमीनच नाही. ९३४-३५ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या फातिमी खलिफांचं आरमार आलं आणि गाव साफ लुटून गेलं. त्यातून उठून यांनी स्वतःच गलबतं काढली, १०१६ ला पिसावाल्यांच्या जोडीने सार्डिनियातून मुजाहिद नावाच्या मुस्लिम सरदाराला हाकललं, आणि मग पहिलं क्रूसेड आलं ते यांच्या पथ्यावर पडलं. १०९९ ला गुल्येल्मो एम्ब्रियाको नावाचा माणूस जाफाला पोचला, पाहतो तर मागे शत्रूचं आरमार, तर याने आपलीच जहाजं मोडली, लाकूड-दोरखंड सगळं जेरुसलेमला वाहून नेलं आणि तटाला भिडवायचे मनोरे बांधले. दोन वर्षांनी सिझेरियाच्या लुटीत हिरवं षटकोनी मोठं पात्र मिळालं, अखंड पाचूचं आहे अशी समजूत, ते गावच्या मुख्य चर्चमध्ये नेऊन ठेवलं. धर्मयुद्ध वगैरे ठीक, पण प्रत्येक जिंकलेल्या बंदरात एक गल्ली, एक चर्च आणि जकातमाफी हे मात्र आधी लिहून घ्यायचे.

त्याच सुमाराला गावात 'कॉम्पान्या' उभी राहिली. म्हणजे ठरावीक वर्षांसाठी लोकांनी शपथ घेऊन केलेला करार, मुदत संपली की पुन्हा शपथ. राजा नाही, सरंजामदार नाही, नगरराज्याचा पायाच मुदतीच्या भागीदारीवर. माझ्या मते जिनोआचं पुढचं सगळं बरंवाईट यातून निघतं. व्हेनिसमध्ये सरकार मोठं आणि व्यापारी त्याच्या हाताखाली, इथे व्यापारी मोठे आणि सरकार त्यांचं देणं लागतं.

धंदा चालायचा कसा तर 'कोमेंदा' वर. घरी बसणारा सगळं भांडवल देणार, जहाजावर जाणारा अंगमेहनत. नफ्यातला पाऊण हिस्सा भांडवलवाल्याचा, पाव जाणाऱ्याचा. जहाज बुडालं तर पैसा भांडवलवाल्याचा बुडाला, जाणाऱ्याच्या डोक्यावर कर्ज नाही. जोवान्नी स्क्रीबा नावाच्या नोटरीची ११५४ ते ११६४ ची वही आजही शिल्लक आहे, या प्रकारातली सगळ्यात जुनी, त्यात असले करारच करार. आणि नोटऱ्यांच्या वह्यांत नुसते शेठ लोक नाहीत, विधवा बाया आहेत, कारागीर आहेत, थोडेथोडे पैसे घालून बसलेले. एकाच माणसाचा पैसा चार जहाजांत विभागलेला, म्हणजे एक गेलं तरी तीन येतील.

मग १२६१. कॉन्स्टँटिनोपल तेव्हा लॅटिन सरदारांच्या आणि व्हेनिसच्या ताब्यात. हद्दपार बायझंटाईन सम्राट मिखाईल पालिओलोगसला आरमार हवं होतं. मार्चमध्ये निम्फियमला तह झाला, जिनोआने जहाजं द्यायची आणि बदल्यात काळ्या समुद्राची दारं उघडी. गंमत म्हणजे जुलैमध्ये शहर पडलं ते जिनोआच्या आरमाराची वाट न बघताच, पण तह तो तह. शहरासमोर गलाता ही त्यांची वसाहत झाली, क्रिमियात काफा. धान्य, मेण, फर, रेशीम, आणि माणसं. झक्कारिया बंधूंनी आशिया मायनरच्या किनाऱ्यावर फोकियाच्या तुरटीच्या खाणी मिळवल्या. तुरटीशिवाय कापडाला रंग धरत नाही, म्हणजे फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडचा भाग) कापडवाल्यांची मानगूटच हातात. १२७७ ला जिनोआची गॅली (वल्ह्यांचं लांब जहाज) जिब्राल्टर ओलांडून सरळ फ्लँडर्सला पोचली सुद्धा.

६ ऑगस्ट १२८४ ला मेलोरियाजवळ पिसाचं आरमार संपवलं. ओबेर्तो डोरिया समोर, आणि बेनेदेत्तो झक्कारिया आपल्या गॅली घेऊन मागे दबा धरून. पिसाचे हजारो लोक कैद झाले, म्हणच पडली की पिसा बघायचं तर जिनोआला जा. १२९० ला पिसाचं बंदर फोडलं, तिथल्या लोखंडी साखळीचे तुकडे करून जिनोआच्या वेशीवर टांगले. १२९८ ला कुर्झोलाला व्हेनिसलाही झोडपलं.

इथपर्यंत चढण. उताराचं प्रतिसादांत बोलू.

निळी_छत्री

वाचनखूण साठवली! मार्को पोलो जिनोआच्या तुरुंगात होता ना? तो या कुर्झोलाच्याच लढाईत पकडला गेला का?

तांडेल

धन्यवाद ताई. लढाई नेमकी कुठली यावर वाद आहेत, पण १२९८ च्या सुमारास तो जिनोआत कैदेत होता हे नक्की. आणि सोबत कैदेत पिसाचा रुस्तिकेल्लो, राजा आर्थरच्या कथा लिहिणारा. तो बहुधा मेलोरियापासूनच आत होता. व्हेनिसचा बोलतोय, पिसाचा लिहितोय आणि खोली जिनोआची. ज्या पलाझ्झो सान जॉर्जोत कैदी ठेवायचे असं सांगतात ती इमारत १२६० ची आहे आणि तिच्यात कॉन्स्टँटिनोपलमधल्या व्हेनिसवाल्यांच्या वाड्याचे दगड, सिंहाची मुंडकी मुद्दाम आणून बसवलेली आहेत. खुन्नस म्हणजे किती ती!

हिशेबनीस

तांडेलराव, आमच्या व्यवसायाचा गाववाला विसरलात. जिनोआच्या नगरपालिकेची १३४० ची खातेवही शिल्लक आहे, जमा-नावे समोरासमोर, पूर्ण दुहेरी नोंद पद्धत. आजवर सापडलेल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. त्यात मिरीचं खातं आहे. नगराने त्यांच्या शंभर-शंभर पौंडांच्या ८० नगांची मिरी घेतली आणि विकली, आणि खातं चक्क तोट्यात बंद झालंय. आता मिरीत तोटा कोण खातो? तर मिरी उधारीवर घ्यायची आणि लगेच रोखीत कमी भावाने फुंकायची, हातात नगद येते. तोटा म्हणजे खरं तर व्याज, आणि चर्चने व्याजाला बंदी घातलेली. आमच्याकडे आर्टिकलशिपला आलेल्या पोरांना मी हे उदाहरण देतो, सगळे डोळे मोठे करतात.

विम्याचंही तसंच. २३ ऑक्टोबर १३४७ चा करार आहे, जिनोआहून मायोर्काला जाणाऱ्या 'सांता क्लारा' जहाजाचा. कागदावर ते बिनव्याजी कर्ज आहे, जहाज सुखरूप पोचलं तर कर्ज रद्द, नाही पोचलं तर पैसे द्यायचे. वाचून बघा, विमाच आहे तो, फक्त कर्जाचे कपडे घातलेला.

बखरकार

लेख छान पण जिनोआप्रेम जरा जास्तच उतू चाललंय. व्हेनिस हजार वर्षं टिकलं हो! १२९७ ला त्यांनी मोठ्या मंडळाची (राज्य चालवणाऱ्या सभेची) दारं बंद करून कोणती घराणी राज्य करणार ते कायमचं ठरवून टाकलं, अन्याय असेल पण भांडणं मिटली. गॅली सरकारी, आर्सेनाल या सरकारी गोदीत बांधलेल्या, ताफ्यातल्या फेऱ्या लिलावाने द्यायच्या, कुठल्या दिवशी निघायचं तेही सरकार सांगणार. आणि तुमच्याकडे? डोरिया-स्पिनोला एका बाजूला, फिएस्की-ग्रिमाल्दी दुसऱ्या बाजूला, आपापल्या गल्लीत बुरूज बांधून एकमेकांवर दगड. हरलेला पक्ष गाव सोडून जायचा आणि बाहेरून गावाचीच जहाजं लुटायचा. ग्रिमाल्दींनी १२९७ ला मोनाको बळकावलं ते असंच.

शेवटचा निकाल किओज्जाला लागला. १३७९ च्या ऑगस्टमध्ये जिनोआवाले व्हेनिसच्या अगदी उंबऱ्यात, किओज्जा घेऊन बसले. व्हेनिसने तहाची बोलणी लावली तर पिएत्रो डोरियाने उडवून लावली. मग व्हेनिसच्या लोकांनी दंगा करून व्हेत्तोर पिसानीला तुरुंगातून बाहेर काढायला लावलं, त्याने डिसेंबरात दगड भरलेल्या होड्या खाडीच्या तोंडांशी बुडवल्या आणि वेढा घालणारेच वेढ्यात अडकले. वरून कार्लो झेनो आपलं आरमार घेऊन पूर्वेकडून परत आला. डोरिया तोफेच्या माऱ्यात मेला, जून १३८० ला बाकीचे उपाशी शरण आले. खेळ खल्लास.

तांडेल

बखरकार साहेब, युद्धाचं वर्णन झकास, पण निकालाबद्दल असहमत. १३८१ चा तुरिनचा तह काढून बघा, त्यात जिनोआचं फार काही गेलंच नाही. उलट व्हेनिसला टेनेडोस बेट सोडावं लागलं, ज्याच्यावरून भांडण सुरू झालं होतं तेच. जिनोआ मोडलं ते नंतर, घरात. व्हेनिसने युद्ध संपल्यावर ज्यांनी पैसा ओतला अशा तीस नव्या घराण्यांना मंडळात घेतलं, म्हणजे कर्ज फेडायची त्यांची एक रीत. जिनोआत डोज (निवडलेले राज्यप्रमुख) बदलायचे धडाधड, आणि १३९६ ला कंटाळून गावच फ्रान्सच्या राजाच्या हवाली केलं. पुढे मिलानचे व्हिस्कोंती, परत फ्रान्स, मग स्फोर्झा, असं सव्वाशेहून जास्त वर्षं चाललं. विशेष म्हणजे मालक कोणीही असो, गोदीतला माल थांबला नाही.

अवली

सगळे धंद्याचं कौतुक करताय, माणसं हा शब्द धाग्यात एकदाच येऊन गेला. काफातून गुलाम जायचे हे नीट लिहा की. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडची पोरं-पोरी पकडून काफाच्या बाजारात, तिथून जिनोआच्या जहाजांनी अलेक्झांड्रियाला, आणि तिथे इजिप्तच्या ममलुक सुलतानाच्या फौजेत भरती. १२९१ ला त्याच ममलुकांनी एकर हे शहर घेतलं आणि क्रूसेडवाल्यांचं शेवटचं मोठं बंदर गेलं. म्हणजे एका हाताने क्रूस आणि दुसऱ्या हाताने शत्रूला सैनिक. पोपने बंदी घातली होती, कोण ऐकतोय. जिनोआच्या श्रीमंत घरांत पण मोलकरणी म्हणून तातार, सर्कशियन गुलाम बायका असायच्या, त्यांचेही करार त्याच नोटऱ्यांच्या वहीत, तांडेलरावांच्या विधवांच्या शेजारी.

आणि प्लेग. १३४६ ला मंगोल खान जानी बेगने काफाला वेढा घातलेला असताना मुडदे तटावरून आत फेकले ही स्टोरी सगळे शेअर करतात, पण ती लिहिणारा दे मुस्सी पियाचेन्झात होता, काफात नव्हता. मुडद्यांचं खरंखोटं काही असो, काळ्या समुद्रातून रोग जहाजांवर चढला आणि ऑक्टोबर १३४७ ला सिसिलीतल्या मेसिनात उतरला.

तांडेल

अवली, मान्य, आणि हे लिहिलंत ते बरं केलंत.

यावरून किऑसचं सांगायचं राहिलं, ते मला सगळ्यात आवडतं. १३४६ ला मोनाकोत बसलेल्या विरोधी पक्षाच्या भीतीने आरमार काढायचं ठरलं, तिजोरीत दमडी नाही. मग जहाजमालकांनी स्वतःच्या खर्चाने २९ गॅली उभ्या केल्या, सिमोने विन्योसो सेनापती. तोवर मोनाकोचा धोका टळला, म्हटलं आता निघालोच आहोत तर, आणि पूर्वेला जाऊन किऑस बेट आणि फोकिया घेऊन टाकलं. परत आल्यावर बिल दिलं २ लाख ३ हजार लिरांचं. सरकार म्हणालं पैसे नाहीत, फेडेपर्यंत बेटाचं उत्पन्न तुम्ही खा. ते कर्ज कधीच फिटलं नाही! भागधारकांची ही कंपनी, 'माओना', १५६६ ला पियाले पाशाचं तुर्की आरमार येईपर्यंत बेट चालवत होती. किऑसवर रुमी मस्तकी होते, आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तो डिंक, तिचा एकहाती व्यापार यांच्याकडे. आणि १३६२ ला या भागधारकांनी आपापली आडनावं सोडून सगळ्यांनी मिळून 'जुस्तिनियानी' हे एकच आडनाव घेतलं. शेअर घेतला की आडनाव बदललं, असं आणखी कुठे झालेलं कोणाला माहीत असेल तर सांगा. १४५३ ला कॉन्स्टँटिनोपलच्या तटावर ७०० माणसं घेऊन लढलेला जोवान्नी जुस्तिनियानी याच मंडळींतला, जखमी होऊन किऑसकडे नेताना की पोचल्यावर, पण त्यातच गेला. आणि तेव्हा समोर गलातातले त्याचे गाववाले? अधिकृतपणे तटस्थ.

मांडवीकाठ

माका एक प्रश्न. शाळेत शिकलो की वास्को द गामा आला आणि इटलीवाल्यांचा मसाल्याचा धंदा बसला. जिनोआ पण त्यामुळेच बुडालं काय?

तांडेल

नाही हो. मिरीसाठी खरा जीव जायचा तो व्हेनिसचा, आणि त्यांचाही धंदा सोळाव्या शतकाच्या मध्याला बराच सावरला होता. जिनोआचा पूर्वेचा कारभार ऑटोमनांनी आधीच आवरला, १४७५ ला काफा गेलं तेव्हाच. तोपर्यंत यांनी तोंड पश्चिमेला फिरवलं होतं. तुमच्या गोव्याच्या मंडळींना एक गोष्ट आवडेल, १३१७ ला पोर्तुगालच्या राजा दिनिसने आरमार उभं करायला जो अॅडमिरल नेमला तो जिनोआचा, इमानुएले पेसान्यो. म्हणजे मांडवीत जे आरमार शिरलं त्याच्या पायात जिनोआची माणसं होती.

आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थान गाठायची कल्पनाही त्यांनी आधी करून पाहिली. १२९१ ला व्हिवाल्दी बंधू दोन गॅली घेऊन जिब्राल्टरच्या बाहेर निघाले ते परत आलेच नाहीत. आणि वास्को कालिकतला पोचायच्या थोडं आधी जिनोआचा एक व्यापारी, इएरोनिमो दि सांतो स्तेफानो, लाल समुद्रातून कालिकतला येऊन पुढे ब्रह्मदेशातल्या पेगूपर्यंत गेला. सोबतचा भागीदार तिथे वारला, माल राजाने अडकवला, परत येताना जहाज फुटलं, मालदीव, खंभात असं करत रिकाम्या हाताने घरचा रस्ता धरला. करार करून निघाला असेल तर भांडवलवाल्याचं काय झालं असेल देव जाणे.

हिशेबनीस

आता सान जॉर्जोवर या. १४०७ ला फ्रेंच अमलाखाली सगळी जुनी सरकारी कर्जं एकत्र करून धनकोंची एक संस्था केली, कासा दि सान जॉर्जो. १०० लिरांचा एक हिस्सा, विकता येतो, हुंड्यात देता येतो, देवळाला दान करता येतो. व्याजाच्या बदल्यात मिठाचा कर, जकात वगैरे वसूल करायचा अधिकार थेट धनकोंकडे. म्हणजे करखातंच सावकारांच्या ताब्यात. १४५३ ला सरकारला झेपेना तर कॉर्सिका आणि काफासुद्धा या संस्थेला चालवायला दिले. मॅकियाव्हेली या प्रकाराने थक्क झाला होता, एकाच तटबंदीच्या आत शहराचा कारभार बजबजलेला आणि सान जॉर्जोचा चोख. कोलंबसने १५०२ ला पत्र लिहून आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग याच संस्थेला द्यायची तयारी दाखवली होती, गावातली दाणापाण्यावरची पट्टी कमी व्हावी म्हणून.

बखरकार

हेच तर माझं म्हणणं! याला प्रजासत्ताक म्हणायचं कशाला, सावकारांची पतपेढी म्हणा. आणि १५२८ ला आंद्रेआ डोरियाने फ्रान्सला सोडून स्पेनचा राजा आणि सम्राट पाचव्या चार्ल्सचा पदर धरला त्या दिवशी स्वातंत्र्य संपलं.

तांडेल

कागदावर उलटं झालं, १५२८ ला परकीय सत्ता गेली, डोज दोन वर्षांसाठी झाला, जुनी भांडणारी घराणी २८ गटांत कोंबून एक केली. पण स्पेनच्या सावलीत गेले हे खरं. आणि त्या सावलीत त्यांनी जे कमावलं ते काफात कधी कमावलं नसेल. स्पेनच्या राजाची चांदी सेव्हिलला वर्षातून मोजक्या वेळा जहाजांनी यायची, पण फ्लँडर्समधल्या फौजेला पगार दरमहा आणि सोन्यात पाहिजे. मधली पोकळी भरायची कोणी? जिनोआच्या बँकरांनी. १५७९ पासून पियाचेन्झाला वर्षातून चार जत्रा भरायच्या, माल नावालाही नाही, मोजके बँकर हुंड्यांचे कागद घेऊन बसायचे, तुझं माझ्याकडे, माझं त्याच्याकडे असं कापून उरेल तेवढंच द्यायचं.

स्पेनने दिवाळखोरी जाहीर केली १५५७, १५७५, १५९६, १६०७, १६२७. प्रत्येक वेळी यांनी थकलेली कर्जं दीर्घ मुदतीच्या रोख्यांत फिरवून घेतली, आणि त्यातले पुष्कळ रोखे स्पेनमधल्याच लहान लोकांच्या गळ्यात मारले. १६२७ ला मात्र स्पेनचा मुख्य मंत्री ओलिव्हारेसने पोर्तुगीज सावकार पुढे आणले आणि जिनोआचा एकहाती खेळ संपला.

निळी_छत्री

मग शेवटी पडलं कधी? १६२७ धरायचं का?

तांडेल

घराणी पडलीच नाहीत ताई, त्यांनी पैसा काढून व्हिएन्ना, पॅरिस, जिथे व्याज मिळेल तिथे लावला. राज्याचं विचाराल तर हळूहळू झिजत गेलं. १६८४ च्या मे महिन्यात चौदाव्या लुईच्या आरमाराने हजारो तोफगोळे टाकून शहर भाजून काढलं, कारण हे स्पेनसाठी गॅली बांधत होते. पुढच्या वर्षी डोजला व्हर्सायला जाऊन माफी मागावी लागली. कायद्याने डोजला शहर सोडायला बंदी होती. महालात सगळ्यात नवल कशाचं वाटलं असं तिथे विचारलं तर तो आपल्या बोलीत म्हणाला म्हणतात, "मी इथे आहे याचं."

कॉर्सिकात १७२९ पासून बंड, बंडखोरांचा पुढारी पाओली आल्यावर तर बेटावर यांच्याकडे किनाऱ्याचे किल्लेच उरले. १७६८ ला फ्रान्सचं देणं झालं होतं त्यापोटी बेट फ्रान्सकडे दिलं. म्हणजे शेवटपर्यंत तीच पद्धत, देणं फिटत नाही तर मुलूख द्या. पुढच्या वर्षी तिथे अजाक्सियोत नेपोलियन जन्मला, त्याने १७९७ ला प्रजासत्ताक गुंडाळलं आणि १८०५ ला सान जॉर्जोपण. सरकार गेल्यावर आठ वर्षं सावकारी संस्था जिवंत होती हे बखरकारांनी नोंद करून घ्यावं.

बखरकार

नोंद घेतली. व्हेनिसपण १७९७ लाच गेलं आणि त्याच माणसाच्या हातून, म्हणजे बरोबरी. पण आर्सेनालच्या बाबतीत मी हटणार नाही.

पोटोबा

सप्टेंबरात मिलानला जातोय, एक दिवस जिनोआला काढला तर यातलं काय बघायला मिळेल? खायचं मी बघून घेतो.

तांडेल

पोटोबा, एक दिवसात जुन्या बंदरावरचा पलाझ्झो सान जॉर्जो, तिथून वर गल्ल्यांतून सान लोरेन्झो, म्हणजे गावचं मुख्य चर्च. त्याच्या खजिन्यात ते सिझेरियाचं पात्र आहे. नेपोलियनने पॅरिसला नेलं, परत येताना फुटलं, तेव्हापासून सगळ्या जगाला माहीत की पाचू नव्हे, काच आहे. मग पोर्ता सोप्राना ही वेस, आणि स्त्रादा नुओव्हाचे वाडे, स्पेनच्या चांदीचे. पिसाच्या बंदराची साखळी मात्र जिनोआत शोधू नका, १८६० ला इटली एक होताना त्यांनी ती परत केली, ती आता पिसाला काम्पोसांतो या जुन्या दफनभूमीत भिंतीवर आहे. वेळ उरला तर मागे डोंगरावर जाणारी रॅक रेल्वे किंवा फ्युनिक्युलर घ्या, जागा किती अरुंद आहे ते वरून कळतं.